घ्यायला माणूस

करोलबाग, नवी दिल्ली
दि. १० मार्च २०२६

तीर्थरूप आबांना,
समाधानचा शि. सा. न. वि. वि.

गाडी भुसावळहून अकरा मिनिटं उशिरा सुटली आणि दिल्लीला चार मिनिटं आधी लागली. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण ते कळल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही. चोपड्याच्या एस.टी. स्टँडवर चौतीस वर्षं गाड्या पुकारलेल्या माणसाला दुसरी खुशाली लागत नाही. फोनवर माझं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र लावलं की ते शिट्टी मारतं, म्हणून दीपमालाने बॅगेत कपड्यांच्या आधी पाकिटं भरली. नवऱ्याला टूथब्रश मात्र इथे येऊन विकत घ्यावा लागला.

ट्रेनिंग तीन एप्रिलपर्यंत आहे. ऑफिसने आम्हाला करोलबागेतल्या एका हॉटेलात ठेवलंय. खोलीला किल्ली नाही, पत्त्यातल्या पानाएवढं कार्ड आहे. तेच आत भिंतीतल्या खाचेत घातलं की दिवे लागतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी कार्ड खिशात जपून ठेवलं, अंधारात आंघोळ केली आणि मग खाली जाऊन वीज गेल्याची तक्रार केली. मॅनेजर वर आला, कार्ड घातलं, नमस्कार करून गेला. खिडकीला भारी मखमली पडदा आहे. तो सारला की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. पडदा का भारी आहे ते लगेच कळतं.

सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला आहे, त्यामुळे सगळे तो दुपारचं जेवण असल्यासारखा खातात. छोले, पुऱ्या, ब्रेडचे चार प्रकार, आणि पोहे म्हणून काहीतरी पिवळं. संध्याकाळी पनीर. मी आत्तापर्यंत त्याची सहा नावं मोजली, चव एकच. तिखट म्हणून जे देतात ते आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला चालेल. शेजारच्या खोलीतल्या सरदारजींना आपला ठेचा चाखवला. तेव्हापासून ते जिन्यात दिसले की लांबूनच हात जोडतात.

रविवारी दिल्ली बघायला निघेन. काय काय बघू ते कळवा. तुमच्यासाठी दीपमालाने पुढची खोली रिकामी केली आहे. आखाजी झाली की चोपड्याचं घर सोडून तुम्ही धुळ्याला यायचं ठरलंय, त्यात आता बदल करू नका.

लोभ आहेच. हंगामात जादा गाड्या सोडतात तसा थोडा वाढवावा.

आपला,
समाधान

*

चोपडा
दि. १४ मार्च २०२६

चि. समाधानास,
आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र चौथ्या दिवशी मिळालं. डाकेचं बरं चाललंय.

लाल किल्ला, कुतुबमिनार आणि रेल्वेचं संग्रहालय बघ. मेट्रो किती मिनिटांनी सुटते ते हातातल्या घड्याळाने मोजून लिही, ऐकीव लिहू नको. पुकारणारा माणूस असतो की यंत्र, तेही बघ.

तुझी आत्या तिथेच दिल्लीत द्वारकेला, मुलाकडे, युवराजकडे राहते. तुझी वाट त्या बाजूने गेली तर जाऊन ये. पाच वर्षांत लिला इकडे आली नाही. फोन करते, पण काय बोलते ते मला ऐकू येत नाही, त्यामुळे रागावली आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. यंदा आखाजी, म्हणजे कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, एकोणीस एप्रिलला आहे. या घरातली ती शेवटचीच. आमच्या आईच्या नावाची पितरांची घागर त्याच ओट्यावर भरली जाईल. लिला असती तर बरं झालं असतं. मला ती असायला हवी आहे. तू मुद्दाम काही बोलू नको, सहज बोल.

घरातलं सामान बांधायला काढलं. सगळं मिळून टेम्पोभरसुद्धा होत नाही. कैऱ्या लागल्या आहेत.

परत येताना दीपमालेला स्टेशनवर बोलावू नको. गाडी माणसाला आणते, रिक्षा घरी पोचवते. घ्यायला माणूस कशाला लागतो, हे मला आयुष्यात समजलं नाही. स्टँडवरची निम्मी गर्दी घ्यायला आलेल्यांचीच असायची.

तुझी माया अशीच राहो.

तुझा,
आबा

*

करोलबाग, नवी दिल्ली
दि. २३ मार्च २०२६

तीर्थरूप आबांना,
समाधानचा शि. सा. न. वि. वि.

मेट्रो: तीन मिनिटं चाळीस सेकंद. पाच वेळा मोजली. पुकारायला यंत्र आहे, एक बाई आणि एक पुरुष, दोघांचाही घसा बसत नाही.

काल आत्याकडे गेलो. जाताना फोन केला तर म्हणाली, तू पत्ता शोधत बसू नको, मीच घ्यायला येते. आणि खरंच करोलबाग स्टेशनच्या जिन्याखाली येऊन उभी होती, नऊवारीवर युवराजदादाचं स्वेटर घालून. अडुसष्टाव्या वर्षी ती मेट्रोत अशी चढते-उतरते जणू धुळ्यातली तिची गल्लीच. गर्दीत दोन कोपर मारून तिने मला बसायला जागा करून दिली आणि आपण उभी राहिली. मी बेचाळीस वर्षांचा आहे हे सांगून उपयोग झाला नाही.

तिने मला कुतुबमिनार दाखवला. बघताना मान मोडेल म्हणून आधी बसायला लावलं. लाल किल्ल्यात फिरताना तिला तट, दरवाजे, बाग काहीच विशेष वाटत नाही. एवढ्या मोठ्या घरात स्वैपाकघर कुठे होतं हे आजवर एकाही गाइडने सांगितलं नाही, ही तिची तक्रार आहे. चांदणी चौकात पराठे खाऊ घातले. तुपात पोहून आलेले होते. घरी संध्याकाळी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली. शेव जळगावहून मागवते. तीन भाकरी खाल्ल्या, चौथी तिने न विचारता वाढली.

जेवताना मी आखाजीचं सहज काढलं. एवढं सहज की ती लगेच म्हणाली, हे तुझ्या बापाने लिहून पाठवलेलं दिसतंय.

मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ती धुळ्याला होती तोवर तुम्ही दरवर्षी तिला आखाजीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून जायचात. दोन दिवसांची रजा टाकायची, कापडी पिशवी घेऊन पहिल्या गाडीने धुळं गाठायचं. घरात शिरायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, स्टँडवर गाडी पुकारावी तसं, लिलाला आखाजीला न्यायला आलोय म्हणून पुकारायचं. तिची सासू म्हणायची, हिचा भाऊ आला की गल्लीतली झोपलेली पोरं उठतात. सासूने होकार दिला की पाठवणी. आत्याचे यजमान गेले, ती दिल्लीला आली, आणि पहिल्याच आखाजीला तुम्ही युवराजदादाच्या फोनवर तिकीट पाठवलंत. डबा, बर्थ, सुटायची वेळ, पोचायची वेळ. बरोबर ओळसुद्धा नाही. तिने ते रद्द करवलं. ती म्हणाली, सासर सुटलं म्हणून मी माहेरवाशीण राहिले नाही का? तिकीट मुराळी असतं का?

मी म्हटलं, मग मी आलोय, मलाच मुराळी समज. ती हसली. म्हणाली, तू ट्रेनिंगला आलास आणि वाटेत डोकावलास. मुराळी घरून निघतो तोच तिच्यासाठी निघतो. तुमच्याबद्दल एवढंच म्हणाली की सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण निघताना ताटभर पापड बांधून दिलेत, ते तुमच्यासाठी आहेत, असं दोनदा बजावून.

आबा, माझ्या हातून झालं नाही, याचं वाईट वाटतं.

प्रकृतीला जपा. आमच्यावरची माया आहे तशी असू द्या.

आपला,
समाधान

*

चोपडा
दि. २७ मार्च २०२६

चि. समाधानास,
आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे उत्तम.

तिकीट खालच्या बर्थचं होतं. खिडकीचं होतं. दोन महिने आधी काढलं होतं. गैरसोय होऊ नये म्हणून डब्याची जागासुद्धा पाहून घेतली होती. राग येण्यासारखं त्यात काय होतं हे मला पाच वर्षं कळलं नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं तेव्हा थोडं कळलं.

काही माहिती हवी आहे. पत्र मिळाल्या दिवशीच उलट टपाली कळव.

हॉटेलचा पूर्ण पत्ता. स्टेशनवरून तिथे कुठली मेट्रो, कुठल्या बाजूचा जिना. ऐकू न येणाऱ्या माणसाला ते एकट्याला खोली देतात का. कार्ड खाचेत सरळ घालायचं की उलटं. नाश्ता किती वाजता सुरू होतो. द्वारकेच्या स्टेशनपासून युवराजची इमारत किती पावलांवर, मजला कितवा.

सहज विचारतो.

तुझा,
आबा

*

द्वारका, नवी दिल्ली
दि. ९ एप्रिल २०२६

चि. समाधानास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुला काल सगळं सांगितलंच, पण भाऊ तुला पत्र लिहायला बसला आहे आणि मला म्हणतो, फोनवरचं खरं धरत नाहीत, लिहून दे. म्हणून त्याच्याच पाकिटात माझा कागद घालते.

काल सकाळी नऊ वाजता मी भाजी निवडत होते. जिन्यातून आवाज आला. आधी वाटलं, सोसायटीत काहीतरी भांडण झालं. मग शब्द कळले आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. भाऊ चौथ्या मजल्यावर येऊन, माझ्या दारासमोर नाही, जिन्याच्या तोंडाशी उभा राहून पुकारत होता, 'मन्ही बहीणले आखाजीले लेवाले उनू!' एकदा नाही, तीन वेळा. स्टँडवर तीनदा पुकारायची सवय. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने ओरडतोय याचा त्याला पत्ताच नाही. चारही मजल्यांची दारं उघडली. समोरच्या मल्होत्राबाई तोंडात ब्रश घेऊन बाहेर आल्या. खालचा वॉचमन काठी घेऊन धावत वर आला. भाऊ कापडी पिशवी छातीशी धरून सगळ्यांकडे असा बघत होता, जणू ही सगळी चोपडा-धुळे गाडीची पाशिंजरं.

मी दारात उभी राहून रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. मल्होत्राबाईंना वाटलं, कुणी गेलं. त्यांना समजावताना मला हिंदीत मुराळीला शब्दच सापडेना. शेवटी म्हटलं, मेरा भाई मुझे लेने आया है. त्यांनी तसाच ब्रश घेऊन त्याला नमस्कार केला.

मग मी डोळे पुसून विचारलं, उतरलास कुठे? म्हणतो, हॉटेलात. काल संध्याकाळपासून. समाधान, पाच वर्षांचा राग मी त्या जिन्यात सोडला होता, पण हे ऐकून नवा आला. बहिणीचं घर असताना हा हॉटेलात राहतो! तो विषय अजून संपलेला नाही, पाठवणीपर्यंत पुरेल.

सासूबाई नाहीत, म्हणून भावाने युवराजसमोर उभं राहून रीतसर माझी पाठवणी मागितली. युवराज माझ्याकडे बघायला लागला. मी मागून खुणावलं, तेव्हा हो म्हणाला.

दीपमालेला सांग, सांजोऱ्या मी येऊन करणार. तिने नुसता रवा आणून ठेवावा. तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तो ओळखून असा.

तुझी,
आत्या

*

द्वारका, नवी दिल्ली
दि. ९ एप्रिल २०२६

चि. समाधानास,
आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला न सांगता निघालो. सांगितलं असतं तर तू तिकीट काढून दिलं असतंस आणि बरोबर माणूस दिला असतास. गाडी बावीस मिनिटं उशिरा लागली. तुझ्या चिठ्ठीबरहुकूम हॉटेल सापडलं. कार्ड बाण वरच्या बाजूला ठेवून घालायचं, ते तू लिहिलं नव्हतंस. खोलीतून भिंत दिसते हे खरं आहे. पनीर खाल्लं. वाईट नाही.

सरळ लिलाकडे का गेलो नाही ते तुला लिहितो. तिला सांगू नको. तिने दार उघडलं नाही तर परत यायला एक जागा हवी होती. माझ्या वयाचा माणूस बहिणीच्या दारातून निघाला तर रस्त्यात कुठे बसणार? म्हणून आधी खोली घेतली. नाश्ता सात वाजता सुरू झाला. मला काही गेलं नाही.

दार उघडलं. बाकीचं तिच्या कागदात आहे. मी फार मोठ्याने बोललो असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही.

आल्यासारखी दिल्ली बघून जा म्हणून तिने ठेवून घेतलंय. लाल किल्ला बघितला. स्वैपाकघर खरोखरच दाखवत नाहीत. आज दुपारी मेट्रोच्या फलाटावर दोन तास बाकावर बसलो. लिलाने आधी कुरकुर केली, मग पिशवीतून शेंगा काढल्या. गाड्या येतात, दारं उघडतात, लोक निघून जातात. कुणी पुकारतंय की नाही मला कळत नव्हतं, आणि त्यांचंही काही अडत नव्हतं. गर्दी एवढी, पण त्यात घ्यायला आलेला माणूस मला एकही दिसला नाही. चोपड्याच्या स्टँडवर पाच-पाच जण यायचे एका म्हातारीला घ्यायला, आणि मी त्यांना फलाट मोकळा करा म्हणून हाकलायचो.

निघताना मी लिलाच्या नावाचं तिकीट काढलं नव्हतं. आधी विचारायचं होतं. आता सुट्ट्यांची गर्दी आहे, जागा नाही. युवराजने खटपट करून आर.ए.सी. मिळवलं, म्हणजे दोघांत मिळून एक बर्थ. रात्रभर समोरासमोर पाय आवळून बसायचं. माझ्या नोकरीत आरक्षण नसलेल्या पाशिंजराला मी कधी धड उत्तर दिलं नाही. लिला म्हणते, धुळ्याहून चोपड्याला तरी आपण कधी ऐसपैस गेलो होतो?

पंधरा तारखेच्या संध्याकाळी निघतो, सोळाला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी जळगावला लागेल. तिथून चोपड्याला जाऊ. तुझी माया अशीच असू दे. ती वेळेवर पोचते.

तू जळगाव स्टेशनवर घ्यायला ये. दीपमालेलाही आण. रिक्षा असतात हे मला ठाऊक आहे.

तुझा,
आबा