मिठाच्या पाण्यातलं बियाणं

गोंदिया, १४ मे २००९, संध्याकाळ

दुपारी तीन तास वीज नव्हती. समुद्री माशांच्या नव्या काचेच्या टाकीतलं पाणी एकतीस अंशांवर गेलं आणि मुंबईहून मागवलेलं प्रवाळ पार मिटलं. बर्फाच्या बाटल्या सोडून पाणी थंड केलं, पण खारटपणा मोजायचा काटाही चढलेला. चार दिवसांच्या उन्हाने पाणी दोन बोटं आटलं होतं. घाबरून मी मिठाचंच पाणी ओतायला निघालो, तर माय ओरडली, "मीठ उडून जाते का रे? पानीच उडते. मंग मीठ कायले टाकून राहिला?"

मास्तर असून हे सुचू नये? गाळलेलं साधं पाणी थोडंथोडं घातलं. काटा उतरला.

लहानपणी गावी, देवरीला, पेरणीआधी बाबा मिठाच्या पाण्यात धानाचं बियाणं बुडवायचे. वर तरंगलेले पोचट दाणे मी ओंजळीने काढायचो. उन्हात पाणी आटलं की बाबा बोट बुडवून चव बघत आणि साधं पाणी आणायला मलाच पिटाळत. म्हणजे मला ठाऊक होतं. कधी विसरलो? बाबा गेल्यावर?

सातच्या सुमारास प्रवाळ पुन्हा उमललं. माय काचेला नाक लावून म्हणाली, "समुद्र असाच असते?"

"मी कुठं पाहिला, माय? जाऊ एकदा."

ती लगेच म्हणाली, "कधी?"