चिंचेवरचं मडकं

प्रिय लडकू,

तुझी पत्रिका मिळाली. जाड कागद, सोनेरी कड. लग्नाची असेल म्हणून हौसेनं उघडली तर आईची पुण्यतिथी निघाली. खाली निमंत्रकांत माझं नाव छापलंयस, मला न विचारता. मागून तुझा फोन आला. बाय, एकदा ये, आईच्या पुतळ्याला हार तूच घाल, सख्खी बहीण फिरकत नाही म्हणून गावात लोक नाही नाही ते बोलतात, असं म्हणालास आणि रडलास. तू रडलास की मी गप्प होते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहिते. कागदापुढं रडून बघ काय होतंय का.

यायचं की नाही ते शेवटी सांगते. आधी माझा प्रवास ऐक. मी गेल्या पावसाळ्यात उन्नतीकडं जाऊन आले, पण तू एका शब्दानं विचारलं नाहीस की बाय, एवढ्या लांब गेलीस तर काय पाहिलंस. माझी लेक मानकोलीच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायची, तिथून तिच्या कंपनीनं तिला स्लोव्हेनियाच्या बंदरावर पाठवलं. इटलीला चिकटलेला चिमूटभर देश आहे तो. आपल्या ठाणे जिल्ह्यात त्याहून जास्त माणसं राहतात. सकाळी भाकरी बांधून निघालं तर दुपारच्या जेवणाला देश संपतो. मी जाताना पापड, सुकट आणि तांदळाच्या पिठाचे दोन डबे नेले. विमानतळावर एका बाईनं डबा हातात घेऊन काय आहे म्हणून विचारलं. मी भाकरी थापून दाखवली, हवेतच. हसली आणि सोडलं.

राजधानी दोन दिवसांत बघून झाली. पुलावर पंखवाले राक्षस बसवलेत, लोक त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात. मग तिथून जवळच्या तळ्यात एक देऊळ आहे, तिथं होडीतून जातात, पुन्हा फोटो काढतात आणि देश पाहिला म्हणून घरी येतात. मी उन्नतीला म्हटलं, भिवंडीचा नाका बघून कुणाला आपलं अंजूर गाव कळेल का? मला गावं दाखव. मग दर सुट्टीला आम्ही बस धरायचो. डोंगरात एक नदी पाहिली, इतकी निळी की मला आधी वाटलं वर कापडाचा रंगारी बसला असेल. भिवंडीच्या माणसाची अक्कल, दुसरं काय सुचणार! तिथल्या गावात एका म्हातारीकडं राहिलो. तिला माझं कळेना, मला तिचं कळेना, तरी आम्ही दोघींनी मिळून घेवडा मोडला. तिच्याकडं मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीच्या तोंडाशी रंगीत चित्र. एका चित्रात सैतान एका बाईची जीभ धार लावायच्या दगडावर घासत होता. उन्नती म्हणाली, आई, ही तू. म्हातारीला तिनं खुणेनं सांगितलं तर तीही पोट धरून हसली. माझी जीभ कशी आहे ते तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार, लडकू? पण सगळं गाव तुला लडकूशेठ म्हणायला लागल्यापासून तू ती ऐकलेली नाहीस.

शेवटी उन्नतीनं मला तिच्या बंदराच्याही पुढं नेलं, समुद्राकाठानं देशाच्या अगदी टोकाला. बसमधून उतरले आणि पाय थबकले. मिठागर होतं रे. बांध, वाफे, भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी, सगळं जसंच्या तसं, जसं आपल्या खाडीकाठी होतं. पायात लाकडी फळ्या बांधून माणसं वाफ्यात चालत होती आणि लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होती. आईसारखीच, कमरेतून न वाकता, खांद्यानं. आपल्याकडं आई तळ तुडवून तुडवून घट्ट करायची ना, तसं तिथं वाफ्याच्या तळाला शेवाळाचा एक पातळ थर जिवंत ठेवतात, म्हणजे मिठाला चिखल लागत नाही. शेकडो वर्षं जपलाय म्हणे. लोक तिकीट काढून ते बघायला येतात. मी बांधावर बसले आणि मला तू आठवलास. शिव्या आठवल्या सगळ्या, एकेक करून दिल्या. आजूबाजूला कळणारं कुणी नव्हतं, तेवढं एक सुख.

आता तू म्हणशील, बाय पुन्हा तेच काढते. काढणारच. आई घरात आडवी पडलेली आणि तिकडं तुझे डंपर गोदामासाठी मिठागरात राडारोडा ओतत होते. मी सासरहून, अंबाडीहून आले त्या दिवशी तिच्या उशाशी बसले होते, तू दारात उभा होतास. तिनं विचारलं, "कसला रं आवाज त्यो?" आणि तू म्हणालास, "मीठ भरतान आये, गाड्या लागल्यान." ती केवढी हसली. औंदा मीठ बरा पिकला म्हनायचा, म्हणाली. मग माझा हात धरून तिनं सांगितलं की मी गेल्यावर माझी राख नाशिकला नेऊ नका, मिठागरात सोडा, उघाडीच्या तोंडाशी, भरतीच्या पाण्यात. तुझ्यासमोर सांगितलं. तू मान डोलावलीस. बाहेर डंपर मागं येतानाची पिपाणी वाजवत होता. माझ्या आयुष्यात मी तेवढं निर्दय काही पाहिलेलं नाही, आणि मी नवऱ्याच्या घरी तीस वर्षं काढलीत.

ती गेली. तिसऱ्या दिवशी तू राख सावडून मडकं आणलंस आणि रीतीप्रमाणं घरात न आणता मागच्या चिंचेला टांगलंस. दहाव्याला ते पाण्यात जायचं होतं. पण तुझा पुतळा तयार नव्हता. तू जाहीर केलंस की आई तिच्या मिठागरातच राहील, तिची शेवटची इच्छा आहे, होणाऱ्या गोदामाच्या फाटकाशी तिचं स्मारक होईल आणि अस्थी त्याच्या चौथऱ्यात ठेवल्या जातील. लोकांनी डोळे पुसले. पाणी मागणाऱ्या बाईला तू सिमेंट दिलंस आणि वर तिचा आज्ञाधारक मुलगा झालास! मडकं दीड महिना चिंचेला लोंबकळत होतं. कावळे बसायचे त्यावर. तू एकदा मागं जाऊन बघितलं नाहीस.

त्याच दीड महिन्यात तुझं अ‍ॅग्रीमेंट झालं, आठवतं? मोठ्या कंपनीनं होणारं गोदाम आधीच भाड्यानं घेतलं म्हणून तू मंडप टाकलास. वर्ष सरलं नव्हतं, महिनासुद्धा धड सरला नव्हता, आणि मागच्या अंगणात तू तीन बोकड कापलेस. चुली चिंचेच्या बुडाशीच मांडल्या होत्या. आईच्या मडक्याला रश्शाचा धूर लागत होता. डीजेवर तू नाचलास, कुणीतरी तुझ्यावर नोटा उधळल्या. मी पडवीत बसून बघत होते. कुणी मला जेवायला वाढलं, मी पान तसंच सरकवलं. पंढरीमामा तेवढा म्हणाला, गोदू, चल घरी सोडतो. मी म्हटलं, नको, उद्या जाईन, मागचं आवरून जाते. मामाला वाटलं, बिचारी, माहेरची माया.

पुतळा बसला तेव्हा तूच मडकं काढलंस, कपाळाला लावलंस, हलवलंस आणि खुळखुळलं तसा हुंदका दिलास. व्हिडिओ सगळ्या गावाकडं आहे. भटजींनी मंत्र म्हटले, गवंड्यानं चौथरा बुजवला. तेव्हापासून कामावर येणारा प्रत्येक माणूस त्या पुतळ्याला हात जोडून आत जातो, असं तू मोठ्या अभिमानानं सांगत असतोस.

आता ऐक, पत्र कशासाठी लिहिलं ते. सुतकातलं मडकं बायकांनी शिवायचं नाही, म्हणून कुणी माझ्यावर नजर ठेवली नाही. बायकांना जे जे शिवायचं नाही, त्यावर पहारा नसतो, हे तुम्हा पुरुषांच्या कधी ध्यानात येत नाही. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मडकं उतरवलं, आईला पिठाच्या डब्यात घेतलं आणि मडक्यात चुलीतली राख भरली. नुसत्या राखेचा आवाज येणार नाही म्हणून पत्रावळीतली हाडकं निवडून टाकली. तुझ्या बोकडाची. नाशिकचं पाणी नको म्हणाली होती आणि तिची खाडी तू बुजवलीस, म्हणून तिकडच्या समुद्रात सोडायला मी तिला त्या डब्यातून नेलं आणि टोकाला मिठागर दिसलं तेव्हा, भरती आत येत असताना, उघाडीच्या तोंडाशी सोडलं. तिथं काही टाकू नये अशी पाटी होती, पण मला ती भाषा कुठं येते? कधी कधी मन खातं मला. आई अंबाडीच्या बाजारातसुद्धा माझा पदर सोडायची नाही, आणि तिला मी कुठं एकटी ठेवून आले. त्यासाठी रडायचं ते मी रडले, व्हिडिओ न काढता. तुला हे मुद्दाम पुण्यतिथीच्या आधी कळवते. कुरियर तुझ्याच गोदामातून फिरून तुझ्या घरी येईल. आणि हो, मी येणार आहे. नवी साडी नेसून येईन, हार मीच घालीन. मग सगळ्यांच्या देखत, पाहुण्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या समोर, तू पुढं हो आणि चौथऱ्यावर डोकं टेकव. नीट टेकव, मी शेजारीच उभी असेन. टेकवलं नाहीस तर लोक कारण विचारतील, आणि ते तुला सांगावं लागेल. पुढच्या वर्षीही मी येईन, त्याच्या पुढच्याही.

तुझीच,
बाय