चौदा सोंगट्या

प्रिय पंचबाई,

माझं सगळं बदललं ते अंतिम फेरीच्या शेवटच्या डावात, माझी दुसरी चाल खेळण्याआधी. त्या क्षणाबद्दल तुला कधीच सांगितलं नाही. तू चिडशील म्हणून नव्हे. चिडली असतीस तर बरंच होतं.

तू म्हणायचीस, हा माणूस नाही, रॉकेलचा डबा आहे. कॉलेज सोडलं तेही तसंच, सरांशी भांडून, तडकाफडकी. हल्ली कुरियरच्या गोदामात पाकिटं निवडतो. दुपारी खोलीवर येतो, बॅकगॅमनचा, त्या फासे-सोंगट्यांच्या खेळाचा, पट मांडतो आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. डावा हात तुझा. बहुतेक वेळा तूच जिंकतेस, आणि मग खिजवायला कुणी नसतं. आईचा फोन येतो, "फाशांनी पोट भरतं का रे?" मी हो-हो करतो. दिवसभरात बोलणं म्हणावं असं तेवढंच.

त्या दिवशी सायकल दुकानावरच्या क्लबात माझ्यासमोर घड्याळजी काका होते. आपल्या दोघांना फासे धरायला शिकवले त्यांनीच, नियमांचं पुस्तक तुझ्या हाती दिलं तेही त्यांनीच. पंच म्हणून तुझी ती पहिलीच अंतिम फेरी. माझं निम्मं लक्ष तुझ्याकडे, त्यामुळे सोंगट्या कशातरी मांडल्या. पंधरापैकी एक डब्याच्या झाकणातच राहिली. ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी बाहेर तो जिंकतो, म्हणजे माझं एक ओझं आयतंच कमी.

डाव रंगल्यावर मी डबल दिला. दुप्पट गुणांवर खेळा, नाहीतर डाव सोडा. काका हसले, "पोरा, घाई तुझ्या रक्तातच आहे. घेतला." आणि मग शेवटाकडे चष्मा पुसून त्यांनी तुला हाक मारली, "अगं, याच्या चौदाच आहेत की! मग मी घेतलेला डबल कसला धरतेस?"

तू पुस्तक उघडलंसुद्धा नाहीस. मांडणीतली चूक दुसऱ्या चालीआधी दाखवायची; त्यानंतर आहे तोच पट खरा आणि त्यावर घेतलेला डबलही खरा. अट एकच, चूक दिसूनही गप्प बसला त्याचा डाव बाद. म्हणून मला विचारलंस, "तुला कधी दिसलं?" मी म्हणालो, "आत्ताच, काका बोलले तेव्हा." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग निकाल दिलास, माझ्या बाजूने.

आठवडाभरात कुजबुज सुरू झाली, बाईने आपल्या माणसाला जिंकवलं. क्लबचा सेक्रेटरी चहाच्या टपरीवर तेच बोलला, तर मी त्याची कॉलर धरली. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "कॉलर धरून माझं नाव स्वच्छ होत नाही." त्यानंतर फोन उचलला नाहीस. पंचांच्या यादीतून तुझं नाव तात्पुरतं काढलंय आणि कायमचं काढायचं का, हे समिती आज पाच वाजता ठरवणार आहे, हेही मला तिऱ्हाइताकडून कळलं.

आता ऐक. मला आधीच दिसलं होतं. पटावरच्या एका घरात पाच सोंगट्या हव्यात तिथे चारच होत्या. हात झाकणाकडे गेलासुद्धा होता, तेवढ्यात तू येऊन टेबलाशी उभी राहिलीस. तुझ्यासमोर हरायचं नव्हतं गं. हात मागे घेतला, फासे टाकले, दुसरी चाल खेळलो. तुझा निकाल अक्षरशः बरोबर होता. खोटं होतं ते माझं उत्तर. माझ्यासाठी तू नियम वाकवलास असं लोक म्हणत राहिले, आणि ज्याला खरं माहीत होतं तो कॉलरी धरत फिरला. समितीपुढे आज हेच सांगणार आहे. मला काढून टाकतील, काका तोंड फिरवतील. फिरवू देत. तू पुन्हा बोलावंस म्हणून लिहीत नाही. म्हणजे, तेही हवंच आहे, पण हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळायला नको, म्हणून हे पत्र. वाटेत तुमच्या पेटीत टाकीन. साडेचार झाले. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

तुझाच