काचेच्या वाटीतला गाळ

३ मार्च
आले एकदाची गाडीतळावर, माझ्या गाडीत! जुनी तर जुनी, पण चाकांवरचं घर, आणि तेही माझ्या नावावर. दारातून शिरलं की ओटा, समोर दोघांपुरतं टेबल, मागे पलंग आणि पलंगाखाली डिझेलची टाकी. विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं की गाडी बरीच वर्षं एका जागी उभी होती, टाकी भरलेली. फार घाईत होते, चहालाही थांबले नाहीत. लेकीने फोनवर आधी हसून घेतलं आणि मग विचारलं की आई, तू चालवणार? म्हटलं, जन्मभर शिलाई मशीन चालवलं, याला फक्त चाकं जास्त आहेत.

गाडी घेऊन हिंडायचं हे खरं यांचं वेड. हे जाऊन वर्ष झालं. आज यांची उशी पलंगावर ठेवली आणि घळाघळा रडले. मग बरं वाटलं. एप्रिलअखेरीस लेक बाळंत होईल, त्याआधी तिच्या दारात गाडी उभी करायची. आहे काय अन् नाही काय!

७ मार्च
निघाले आणि गाडीतळाच्या फाटकापुढच्या वळणावर गाडीने आचके दिले, बंद पडली. तळावरचा फिटर आला. त्याने ड्रायव्हरच्या सीटमागचं झाकण उचलून डिझेलचा फिल्टर दाखवला. खाली काचेची वाटी असते, डिझेलातलं पाणी आणि घाण तिच्यात बसते. आमच्या वाटीत काळा, बुळबुळीत गाळ होता, दुधावरच्या सायीसारखा जाड. फिटर म्हणाला, मावशी, हा कचरा नाही, हे उगवलेलं आहे. उभ्या टाकीत तळाला पाणी साठतं, तिथे असलं काहीतरी वाढतं आणि फिल्टर तुंबवतं. टाकीत घालायचं औषध असतं, त्याने सगळं मरतं. बाटली मागवावी लागेल. तोवर फिल्टर बदलत राहा, आणि हातमोजे घाला, असं दोनदा बजावून गेला.

१९ मार्च
आज फिल्टर माझा मी बदलला! टाकीकडची तोटी बंद केली, वाटीचा खालचा स्क्रू सैल करून घाण काढली, नव्या फिल्टरच्या रबरी कडीला डिझेलचं बोट फिरवलं, फिल्टर हातानेच आवळला. मग बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबत बसले. हातमोजे मात्र काढून टाकले. कापड सुती की मिश्र धाग्याचं हे मी डोळे मिटून सांगते, ते बोटांच्या जिवावर. मोजे घालून कडी नीट बसली की नाही तेच कळेना. इंजिन झकास सुरू झालं आणि त्याच वळणावर थांबलं.

बोटांची टोकं जरा बधिर वाटतात. साबणाने दोनदा धुतली.

२८ मार्च
पुन्हा फिल्टर. ताजं डिझेल भरलं तरी गाळ येतोच, आधीपेक्षा जास्त. संध्याकाळी चहाचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. फोड आल्यावर कळलं. यांची उशी जवळ घेतली, रडू आलं नाही. हळूहळू सावरतेय म्हणायचं, असं लेक म्हणाली. मीही हो म्हटलं. मला ते सावरणं वाटत नाही.

९ एप्रिल
फिटरने औषधाची बाटली आणून दिली. उद्या अख्खी टाकीत ओता म्हणाला.

दुपारी सीटमागचं झाकण उघडं ठेवून, तिथेच खाली बसून बाळाच्या झबल्याला टीप घालत होते. सुई बोटात पार आत गेली. मला काहीच वाटलं नाही. पण त्याच क्षणी समोरच्या वाटीतला गाळ आकसला. इंजिन बंद होतं. मी मुद्दाम पुन्हा टोचलं, तो पुन्हा आकसला. मग करंगळीला टोचलं. ती अजून माझी आहे, चांगली दुखली. गाळ हलला नाही.

माझ्या बोटांचं दुखणं आता त्या वाटीत आहे. असं लिहिताना हसू यायला हवं. भीती वाटते. बाटली ओट्याखाली, डब्यांच्या मागे ठेवली. ते मेलं तर त्याच्याबरोबर माझं काय काय मरेल?

१४ एप्रिल
करंगळीही गेली. मनगटापर्यंत काही जाणवत नाही. फिटरला सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, मावशी, बसने लेकीकडे जा, मी टाकी धुऊन ठेवतो. टाकीला हात लावायचा नाही, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली, वाटलं नाही.

निघून जावं तर मला स्वतःलाच इथे सोडून जावं लागेल.

२७ एप्रिल
नात झाली. जावयांचा फोन होता. रडत रडत सांगत होते. मी म्हटलं, फार आनंद झाला. झाला नव्हता. झाकण उचलून पाहिलं तर वाटीत गाळ थुईथुई नाचत होता.

१८ मे
लेक विचारते, कधी येतेस. काहीतरी कारण सांगते. ती रुसली, हे आवाजावरून ओळखलं. गाळ दिवसभर तळाशी गप्प पडून होता.

फिल्टर बदलणं सोडलंय. तरी वाटी भरतेच.

९ जून
ती दोघं बाळाला घेऊन आली. न सांगता. मला चकित करायचं होतं. आत येऊ नका म्हणून तीनदा सांगायला तोंड उघडलं, पण सांगण्याइतकं काही वाटेना. लेकीने बाळ माझ्या हातात दिलं. हातात काही आहे हे डोळ्यांनी बघून कळत होतं.

बाळाला पलंगावर निजवलं. पलंगाखाली —

मी म्हटलं, तिथे नको. लेक म्हणाली, आई, मग कुठे निजवू, ओट्यावर?

११ जून
बाळ कालपासून रडलेलं नाही. लेक खूश आहे. आजीकडे आल्यापासून किती शहाणं झालं म्हणते. आज ती अंघोळीला गेल्यावर बाळाला चिमटा काढला. जोरात. माझ्याकडे बघत राहिलं.

झाकण उचललं. वाटीत आता गाळाचे दोन गोळे आहेत. एक माझा. शेजारी एक छोटा, नखाएवढा. लेकीने बाळाला उचलून गालाला गाल लावला तसा तो फुलला.

आज रात्री सांगणार. आधी बाटली फेकून —

बाटली जागेवर नाही.

जावयांना सापडली. फिटरला विचारून आले म्हणे. आईंचं एवढं एक काम उरकून टाकतो, असं म्हणून हसत बाहेर गेले. आत्ता टाकीचं झाकण फिरवताहेत. ऐकू येतंय.

उठायला हवं. ओरडायला हवं. लेक समोर आहे. काय गं लिहितेस आई, म्हणून विचारतेय. बाळ तिच्या मांडीवर. तिला सांगायला —

वाटीत दोन्ही काचेवर आपटताहेत. छोटा जास्त जोरात. भीती सगळी तिथे आहे. इथे थोडी जरी उरली असती तर मी

ओतल्याचा आवाज

बाळ माझ्याकडे बघतंय, आणि वाटीत छोटा आता