तुला कुणी सांगितलं?

बाई, हे अक्षर माझं नाही हे तुम्ही पाहताक्षणी ओळखाल. वळणदार आहे, म्हणजे माझं असणं शक्यच नाही. नात लिहिते आहे, मी सांगते आहे. तुमच्या दुपारच्या वर्गाला मी पाटी घेऊन आठ महिने बसले आणि शेवटी तुम्हीच कंटाळून म्हणालात, "हिची पाटी कानात आहे, हातात देऊन उपयोग नाही." सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना तुम्ही मला थांबवलंत आणि मागच्या आठवड्यात कोण काय बोललं ते विचारलंत. मी सोमवारपासून सगळं, ज्याचे त्याचे शब्द न बदलता, म्हणून दाखवलं.

आता इतक्या वर्षांनी तुमची आठवण का, तर ही नात वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहते आहे. जागा बायकांची आहे. अवधपुरीच्या चौकात दुसऱ्या एका उमेदवारबाईंचा फलक लागलाय. त्यावर नवरा डोक्यापासून कमरेपर्यंत आणि बाई टपाल तिकिटाएवढ्या. मी नातीला म्हटलं, तुझं लग्न व्हायचंय, तुझ्या फलकावर बरीच जागा उरेल. तिला माझ्याकडून पत्रकासाठी चार ओळी हव्या आहेत, की माझी आजी टाउनशिपच्या शांतता समितीतली पहिली महिला सदस्य होती, दंगलीच्या दिवसांत तिने घरोघर फिरून अफवा थांबवल्या. मी म्हटलं, आधी माझं एक पत्र लिहून घे, मग तुझ्या ओळींचं बघू.

ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. जुन्या शहरात जाळपोळ झाली होती, कर्फ्यू होता, आणि आमच्याकडे कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजत असला तरी माणसं शिफ्टवरून घोळक्यानेच परतायची. कम्युनिटी हॉलमध्ये अकरा पुरुषांची समिती बसली. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि विचारलंत, इसमें औरतें कितनी हैं? अध्यक्ष म्हणजे ते कारखान्याच्या फोर्ज शॉपचे, लोहारखात्याचे, मोठे फोरमन. ते म्हणाले, "मैडम, चाय का इंतज़ाम महिलाएँ देख लेंगी." तुम्ही म्हणालात, "चाय आप बना लीजिए. आप ही रोज़ कहते हैं कि बातें औरतें फैलाती हैं. तो रोकेगा कौन?" दोन जागा मिळाल्या, एक तुमची आणि दुसरी, मला वाटलं तुम्ही थट्टाच करताय, माझी. मी म्हटलं, बाई, मला सही करता येत नाही. तुम्ही म्हणालात, "सही करायला अकरा जण आहेत. ऐकायला कुणी नाही."

आणि तुमची ती रीत. अफवा कानावर आली की ती खोटी आहे म्हणून भांडायचं नाही आणि पुढेही सांगायची नाही. फक्त विचारायचं, तुला कुणी सांगितलं? मग त्या बाईला बरोबर घेऊन, तिने जिचं नाव घेतलं तिच्या दारात जायचं, तिलाही तेच विचारायचं. पाण्याच्या टाकीत विष घातल्याची बातमी उठली तेव्हा आपण नऊ घरं चाललो. प्रत्येक घरातून एक बाई मागोमाग येत होती, कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या कडेवर पोर. नवव्या दारातली बिचारी रडकुंडीलाच आली. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती की टाकी धुतल्यापासून पाणी कडू लागतंय. तुम्ही तिच्याच नळाचं पाणी मागितलंत आणि घटाघटा प्यालात. मग आम्ही सगळ्या प्यालो. त्या संध्याकाळी हॉलमध्ये फोरमनसाहेब उठून मला "आइए सदस्याजी" म्हणाले.

आता तुम्हाला माहीत नाही ते सांगते. माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आपा राहायची. तिचा नवरा आणि आमचे हे कारखान्यात एकाच शॉपमध्ये. कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा तिच्या भावाने जुन्या शहरातून टेम्पोत घालून तीन लांब पेट्या पाठवल्या. आपाच्या मुलीच्या लग्नाचं सामान. तिकडे जळेल, टाउनशिपमध्ये सुरक्षित राहील म्हणून इकडे. आपाने मला मागच्या दाराने बोलावलं. "ऐ मराठन, पहले हाथ धो के आ, हल्दी लगा देगी." मी हात धुऊन बसले. नवरीच्या घेरदार पायजम्याच्या, गराऱ्याच्या, घड्या तिने उलगडून दाखवल्या आणि आम्ही दोघींनी मिळून पुन्हा घातल्या, मधे लवंगा ठेवत. गाद्या, तांब्याची पातेली, एक आरसा. तिन्ही पेट्या मी तळापर्यंत पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना पलीकडची सून भिंतीपाशी आली. सातवा महिना लागलेला, सासूने जीव नकोसा केलेला, तोंड एवढंसं. तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, "आपाकडे बंदुका आल्यात, पेट्या भरभरून. तुझ्या सासूसाठी एक सांगून ठेवू का?" ती इतकी हसली की पोट धरून खालीच बसली. मलाही बरं वाटलं. आम्ही दोघीच होतो तिथे, बाई. तिसरं कुणी नव्हतं.

तीन दिवसांनी बंदुका माझ्याकडे परत आल्या. इंद्रपुरीच्या बाजूला राहणारी एक बाई धापा टाकत आली आणि म्हणाली, तुझ्या शेजारी हत्यारं उतरलीत, तू समितीत आहेस ना? खरं सांगते, मला तेव्हा काहीच आठवलं नाही. मी तुमच्या रीतीप्रमाणे निघाले. तुम्ही शाळेत होता आणि हत्यारांचं नाव ऐकून बरोबर यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून एकटीच निघाले. सहा घरं झाली. सातव्या दारात पलीकडची सून माहेरी जायला निघाली होती, बांगड्या चढवत होती. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, "काय काकू, अजून थट्टाच का? तुम्हीच नाही का भिंतीवरून सांगितलंत? मी धाकट्या जावेला सांगितलं, तिला मेलीला थट्टा कळत नाही." आणि ती पुन्हा हसली. दारात रिक्षा उभी होती. ती गेली.

संध्याकाळी हॉलमध्ये साहेबांनी विचारलं, "सदस्याजी, बात कहाँ से उठी?" अकराच्या अकरा जण माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पता नहीं चला साहब. जिसने कही, वो मायके चली गई." पेट्यांत काय आहे ते मी पाहिलंय, एवढं तरी म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. तुम्ही उठून म्हणालात, त्या घराची हमी मी घेते. एक जण हसून म्हणाला, "आपने देखा है क्या, मैडम?" तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मी फरशीकडे बघत होते.

मग ठरलं की शांततेसाठी पेट्या सर्वांसमोर उघडाव्यात, त्यांचंही मन स्वच्छ होईल, आपलंही. शांततेसाठीच म्हणाले ते. भर दुपारी आपाच्या दारासमोर रस्त्यावर पेट्या आणल्या. पोरीला पुढे व्हावं लागलं, कारण कुलपांच्या किल्ल्या तिच्याकडे. एकेक कपडा ती काढून झटकून दाखवते आहे, लवंगा डांबरावर पडताहेत, आणि सिक्युरिटीवाला आरसा उलटा करून मागे बघतो आहे. आपा त्या पुरुषांकडे एकदाही बघत नाही. ती माझ्याकडे बघते आणि हळूच म्हणते, "तह तो तूने भी की थी." घड्या तर तूही घातल्या होत्यास.

तुम्ही माझ्या बाजूलाच उभ्या होता. परत जाताना आपण अर्धा रस्ता चाललो. मग म्हणालात, "तुला माहीत होतं." प्रश्न नव्हता तो. मी पदर चाचपत चालत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, घाबरली. त्यापलीकडचं तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

महिन्याभरात आपाने क्वार्टर सोडलं. समितीने आपल्या दोघींना नारळ आणि शाल दिली, महिलांचं काम उत्तम झालं म्हणून आभार मानले आणि पुढच्या बैठकीला फक्त चहासाठी बोलावलं. तुम्ही भांडलात, मी गेले नाही. तुमच्या वर्गालाही आले नाही. सगळ्यांना सांगितलं, डोळे दुखतात. तुम्ही दोनदा दारात आलात, दोन्ही वेळा मी आतूनच ओरडले की अंघोळ करते आहे. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, "चार वाजता?" मग इंदूरला भावाकडे गेलात आणि तिकडेच संपलात. बातमी आली तेव्हा मी मटार सोलत होते. सगळे सोलून मगच उठले.

नातीचा हात मघाशीच थांबलाय. म्हणते, "आजी, तू कबूल केलं असतंस ना, तर ते म्हणाले असते, बघा, बायकांचीच जीभ. समितीत बायका पुन्हा कधी आल्याच नसत्या. तू सगळ्यांसाठी गप्प बसलीस." शहाणी आहे, निवडून येईल. मी तिला सांगितलं, पत्रकात माझं नाव घालू नकोस. घालायचंच असेल तर हे सगळं छाप. तिने पान उलटलं. हे कागदही कुठे टाकायचे ते तिला ठाऊक नाही, मलाही नाही. पडतील कपाटात.

तिने आत्ता दिलं ते कारण मीही पुष्कळ वर्षं वापरलंय, बाई. चांगलं कारण आहे. पण त्या संध्याकाळी मला ना बायकांची आठवण होती, ना तुमच्या मेहनतीची. घरात भाजी कुठली करायची एवढंसुद्धा मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि तिथे ते साहेब लोक "आप क्या कहती हैं" म्हणून थांबायचे, मी बोलेपर्यंत गप्प राहायचे. ते पुन्हा विचारणार नाहीत, एवढीच भीती मला वाटली होती.