पिशवी काढली तरी जित्ती हाय

आई, आज एवढा आनंद झालाय की घरी आल्यावर चहासुद्धा न ठेवता लिहायला बसलेय. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, आता तुडीलकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. आज देवळाच्या सभामंडपात बायकांची बैठक होती, वाढतं वजन आणि कॅन्सर यावर. मंडपात बसायला जागा उरली नाही, बघ!

पाचाडची आपली खानावळ आठवते. गड उतरून आलेल्यांना तू गरम भाकऱ्या वाढायचीस आणि ते गेल्यावर उरलेली भजी, पापड, तळाचा भात स्वतः खायचीस. टाकवायचं नाही तुला. वजन वाढलं, गुडघे धरले, तरी येणारेजाणारे म्हणायचे, "सुखी हाय बाई." पाळी गेल्याला दोन-तीन वर्षं झाली होती आणि तुझ्या साडीवर मला रक्त दिसलं. मी विचारलं तर पिठाचे हात तसेच ठेवून तू ओरडलीस, "बायकांचं असतं तसलं. पोरींनी चवकशा करायच्या नाय गो!" मी परत कधी विचारलं नाही. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा गर्भाशयाचा कॅन्सर पसरला होता.

गेल्या वर्षी बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या एक काकी जाता जाता तेच बोलल्या. पाळी जाऊन इतकी वर्सं झाली, आन आता परत लाल दिसतंय. मी आणखी विचारलं तशा चिडल्या, "तुला काय करायचंय?" मी म्हटलं, "ओरडा हवं तर, काकी. पण उद्या सकाळच्या एसटीने आपण दोघी महाडच्या दवाखान्यात जायचं." गेलो. पुढे मुंबई, ऑपरेशन. कॅन्सर अगदी सुरुवातीलाच सापडला होता.

आज मी बोलत होते, वाढलेल्या वजनाने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, पण बारीक बाईलाही हा कॅन्सर होऊ शकतो. मागून एकजण म्हणाली, "मंग काय उपाशी मारता आमाला?" सगळ्या हसल्या. तेवढ्यात काकी उठून उभ्या राहिल्या. "माझी पिशवी काढली. मी हाय का नाय जित्ती? लाल दिसलं तर लपवू नका गो!" मग मी सांगितलं, दोष एकट्या बाईचा नाही; बैठकीला फरसाण, घरोघरी गोड चहा, शाळेच्या दारात वेफर्सच्या माळा, एकटीने किती आवरायचं? त्यावर बायकांनीच ठरवलं, यापुढे बैठकीला उकडलेले चणे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून नदीपर्यंत चालायचं. शाळेजवळच्या दुकानदाराशी वेफर्सबद्दल बोलायचं काकींनी अंगावर घेतलं. आणि आई, सगळं आवरल्यावर दोघीजणी तसलंच दुखणं सांगायला माझ्यासाठी थांबल्या. आपणहून! त्यांना घेऊन मी परवा महाडला जाणार आहे.

एक सांगायचं राहिलं. माझं अंग तुझ्यावर गेलंय, आणि इतरांना हाताला धरून नेणारी मी स्वतःची तपासणी दोन वर्षं टाळतेय. भीती वाटते. परवा त्या दोघींबरोबर माझाही केसपेपर काढणार आहे. हे घरात कुणाला बोलले नाही. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिता आलं.