जावळ कुणाच्या मांडीवर

३ फेब्रु. २००३, निरगुडसर
संजू आज बेल्ह्याच्या बाजारातून टेम्पो घेऊन परस्पर इकडे आला. चहा संपवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, माझ्यासाठी पोरी बघायचं बंद करा. मी प्रकाशसंगं ऱ्हातो. आमचं नवरा-बायकोसारखंच हाय." एवढंच. धाकटा भाऊ माझा, जाताना कपबशीसुद्धा विसळून गेला.
मी आबांकडे बघत होते. सासरे म्हणजे तोंडाचा पट्टा, सरपंचालाही सोडत नाहीत. वाटलं, आता काठी काढतात. ते तंबाखू मळत बसले. हे हसून संजूला म्हणाले, "गाडी जपून चालव."

५ फेब्रु.
जेवताना हे म्हणाले, बाळाच्या जावळाला रमेशला बोलावू. रमेश माझा चुलतभाऊ. सख्खा मामा असताना चुलत मामाची मांडी कशाला?
"सुमन, मी रागावून सांगत नाही. पण तसल्या माणसाच्या मांडीवर माझं लेकरू नको." वर भाजी छान झालीय म्हणे.
तसला म्हणजे कसला? कळा सुरू झाल्या तेव्हा मला टेम्पोत घालून मंचरला दवाखान्यात नेलं ते त्याच तसल्यानं. हे तेव्हा घोडेगावला ऑफिसात!

८ फेब्रु.
गरीब स्वभाव, नशीब काढलंस. लग्नापासून ऐकतेय. चपला भिंतीला लावून, पेपर घडीवर घडी, मंगळवारी मटकी म्हणजे मटकीच. मला वाटायचं, शांत माणूस. शांत कसला! ठरलेलं जरा इकडचं तिकडे झालं की घाबरतात. आणि स्वतः घाबरले की दुसऱ्याला घराबाहेर काढतात, तेही गोड आवाजात. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. संताप संताप होतोय. कणीक तिंबताना परात आपटली.

९ फेब्रु.
आबांना परात ऐकू गेली असणार.
"सूनबाई, मामा त्योच हाय न्हवं? मग मांडी बी त्याचीच. तुझ्या नवऱ्याला ल्हानपणी भाजी भाताला लागली तरी रडू यायचं." हसूच आलं. मग म्हणाले, "पर त्या दुसऱ्याला नको आणू."
घ्या! यांचंही कुंपण आहेच, फक्त जरा लांब घातलेलं.
तडक एसटीडी बूथवर गेले. संजूला म्हटलं, दोघं या.
"ताई, दाजी...?"
"दाजींचं मी बघते." काय बघणार, देव जाणे.

१२ फेब्रु.
आज जावळ. न्हावी वस्तरा परजतोय. रमेश नवा शर्ट घालून पाटावर बसलासुद्धा. हे दोनदा आले, "बाळ दे, सुमन." हळू आवाजात. दिलं नाही. आतल्या खोलीला कडी घालून बसलेय, बाळ मांडीवर, एका हाताने लिहितेय. दारापलीकडे हेच उभे आहेत, श्वास ऐकू येतोय.
टेम्पो थांबला. त्याचं एक दार वाजलं.
मग दुसरं.
कडी काढते.